अक्का, तुमच्या भावाला अजून कळलेलं नाही

प्रिय अक्का,

गेलेल्या माणसाला पत्र लिहितं का कुणी? पण आज अगदी डोक्यावरून पाणी गेलं. सकाळी तुमच्या भावाने वॉकर धरून कशाबशा चपला चढवल्या आणि मला म्हणाले, "चल मंगळवेढ्याला. अक्का का यीना झालीय, बगून यिऊ." मी म्हटलं, अक्का कोल्हापूरला लेकीकडे गेल्यात. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि मी अजून तुम्हाला गावोगाव फिरवतेय!

चिडलेय मी तुमच्यावर. तीन आठवडे आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसलात. "खा गं सुमन, तू पडलीस तर त्याला कोण बगंल?" म्हणून डबा पुढे करायचात. आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्या? विचारलं की, "हायती की पिशवीत." पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी, बाकी काही नाही! थापा मारायला मी शिकले ती तुमच्याकडूनच.

ह्यांना घरी आणल्यावर काय काय होईल, हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. पेला धरवत नाही, मधेच रडू फुटतं, नाहीतर माझ्यावर खेकसणं. त्यात एकच धोशा, "तू माजं हात बांदलंस." अहो, नळ्या उपसत होते म्हणून सिस्टरांनी बांधले! मी तर बाहेर होते. हजारदा सांगून झालं. तुम्ही मात्र एकदाच डाफरलात, "तुज्या बायकूनं न्हाय, सिस्टरनी बांदलं. मी सोता काचंतनं बगितलंय." लगेच पटलं. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकतात ते?

आणि तो तुमचा फोन आठवतो? ह्यांना आयसीयूतून वॉर्डात हलवलं तेव्हा आनंदाच्या भरात गावाकडे कळवलंत, "आमचा सुरेश सुटला एकदाचा!" झालं! धाकटे भाऊजी निम्मी गल्ली टेम्पोत घालून रडत हजर, आणि हे कॉटवर बसून पेज खातायत. केवढ्या हसलो होतो आपण.

पुढे भाऊजींचा मला फोन आला, "वैनी, अक्का सुटली." मी वेड्यासारखी विचारते, "कुठून?" आतून ह्यांचा आवाज, "कोण सुटलं गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "समोरच्यांचं कुत्रं." अक्का, माफ करा. दुसरं काही सुचलंच नाही.

मग रिपोर्ट आणायला जाते म्हणून एसटीने मंगळवेढ्याला आले, तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच परत फिरले. घरात रडायचीही चोरी. हे विचारतात, "रिपोर्ट कुटाय?"

भाऊजी म्हणतात, "एवड्यात सांगू नगा, त्याला सोसायचं न्हाय." सगळ्यांचं तेच. सल्ले देऊन सगळे आपापल्या घरी, ह्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं ते मी. उद्या कुणी बाहेरचा बोलून गेला तर? मग हात मी बांधले नाहीत, हे तरी का खरं मानावं त्यांनी? आता सांगायला तुम्ही नाही. का हो गोळ्या घेतल्या नाहीत?

चपला काढून ठेवल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेत. सोसायचं नाही म्हणे! एवढं मरणाच्या दारातून परत आलेलं माणूस. लहानपणी तुम्ही त्यांना कडेवर घेऊन वाढवलंत. त्यांनी तुमच्यासाठी रडायचं की नाही, हे ठरवणारे आम्ही कोण?

अक्का, शब्द देते. उद्या सकाळी चहा झाला की त्यांच्यासमोर बसून सांगेन. भाऊजींना न विचारता. कोल्हापूरचं सांगेन, कुत्र्याचंही सांगेन. मग त्यांनी जन्मभर मला खोटारडी म्हटलं तरी चालेल, पण त्यांची बहीण गेलीय आणि ती त्यांना टाळत नव्हती, एवढं त्यांना कळू दे.

तुमच्यावर रुसलेली,
तुमची भावजय
सुमन