केंडाची पिल्लं आणि कारल्याचं ताट

पप्पा,

ऐरोलीचं घर अजून तेच आहे. ओट्याच्या ज्या कोपऱ्यात तुमचा डबा धुऊन उपडा घातलेला असायचा, तिथे आता एक छोटी काचेची टाकी आहे आणि तिच्यात माशांची पिल्लं आहेत. तुम्ही सांगायचात ना, गावच्या खाडीत जाळ्यात केंड यायचा, बाहेर काढला की फुग्यासारखा फुगायचा, विषारी म्हणून कोणी खायचं नाही, परत फेकून द्यायचे. हे त्याचेच भाऊबंद, पण गोड्या पाण्यातले आणि पूर्ण वाढले तरी वाटाण्याएवढे. मोठे बाहेरच्या खोलीतल्या टाकीत आहेत. त्यांनी शेवाळात अंडी घातली, मी ती अलगद वेगळी काढली आणि पिल्लं बाहेर आली तेव्हा ती स्वल्पविरामासारखी दिसत होती, फक्त डोळे मोठे. डझनभर तरी असावीत. आता तीन उरली आहेत, आणि ही तीन जगतील की नाही याशिवाय गेले काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

हा मासा कोरडं खाणं तोंडात घेत नाही. दुकानदाराने आधीच सांगितलं होतं, "मॅडम, याच्यासमोर हललं पाहिजे, तरच खाणार. मेलेलं टाकाल तर बघणारपण नाही." म्हणून पिल्लांसाठी आर्टेमिया, म्हणजे ठिपक्याएवढा कोळंबीच्या जातीचा जीव, घरीच अंड्यांतून काढावा लागतो. मिठाच्या पाण्यात त्याची धुळीसारखी अंडी टाकायची, खालून हवा सोडायची, दुसऱ्या दिवशी केशरी ठिपके पोहायला लागतात. ते मलमलच्या फडक्यात गाळायचे, धुवायचे आणि ड्रॉपरने पिल्लांपुढे सोडायचे. मग बघण्यासारखं असतं. पिल्लू थांबतं, शेपटी वळवतं, एक डोळा ठिपक्यावर रोखतं आणि झटकन ओढून घेतं. थोड्या वेळाने त्याचं पोट केशरी दिसायला लागतं. पहिल्यांदा ते केशरी पोट दिसलं तेव्हा मी ऑफिसला उशिरा गेले.

आर्टेमिया मात्र नेहमी जास्तच निघतो. पिल्लांना लागतात चार थेंब, आणि वाटीत उरतो पाऊण वाटी जिवंत, वळवळणारा घास. तो सिंकमध्ये ओतायचा, असं सगळे सांगतात. माझ्याने ओतवेना. मी वाटी सिंकवर धरायची आणि तुमचा आवाज ऐकू यायचा, पानात टाकायचं नाही. मग मी ती वाटी सगळीच्या सगळी टाकीत रिकामी करायची. वाया गेलं नाही, या समाधानात ऑफिसला जायची. गोड्या पाण्यात ते जीव काही तासांत मरतात, तळाशी बसतात, सडतात, हे मला माहीत होतं. संध्याकाळी आल्यावर नळीने तळ साफ करू, असं मी रोज ठरवायची आणि करायचीही. पण मधला सगळा दिवस पिल्लं त्या पाण्यात असायची. आधी एक तळाला आडवं दिसलं. मग रोज एखादं. त्यांची पोटं भरलेली होती, पप्पा. केशरी पोटांनी मेली ती.

तुम्हाला कारल्याचा रविवार आठवत असेल. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, माझी शाळा तुम्हीच होतात. पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून आलात की हात धुऊन मला ओट्यावर बसवायचात आणि पाण्यात बोट बुडवून काळ्या कडाप्प्यावर अक्षर काढायचात. ते वाळायच्या आत मी त्यावरून बोट फिरवायचं. चुकलं तर तुम्ही रागवायचा नाहीत, पुन्हा बोट बुडवायचात. जेवणाच्या बाबतीत मात्र तुमच्यासारखं कडक कोणी नव्हतं. त्या दिवशी आईने कारल्याची भाजी केली आहे आणि मी ताटात वाढून घेतली आहे, कशासाठी ते आता आठवत नाही, बहुधा मोठं दिसण्यासाठी. पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं. तुम्ही म्हणता, "घेतलंस ना? मग संपव. आमची आई मडक्याची खरवड काढून आम्हाला वाटून द्यायची. तिला खरवडपण पुरायची नाही." आई म्हणते, "जाऊ दे ना, पोरगी आहे." तुम्ही म्हणता, "पोरगी आहे म्हणूनच." मग तुम्ही माझ्यासमोर भिंतीला टेकून बसता. मी बसते. भात थंड होतो, कारल्याचा रस्सा भाताच्या कडेने सरकत येतो. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "शाब्बास, संपवलंस." आणि ताट खरंच स्वच्छ होतं.

त्या शाब्बासकीवर मी आजपर्यंत जेवत आले आहे. हॉटेलात दुसऱ्यांचं उरलेलं पार्सल करून घेते. आंबलेलं ताक टाकायचं तर आधी मनात तुमची परवानगी मागते. मैत्रिणी हसतात. मी पाचवीत असताना तुम्ही गेलात, त्यामुळे नियम तुम्ही ठेवले होते तिथेच राहिले.

परवा आई स्वयंपाकघरात आली आणि नाकाला पदर लावला.

"अगं, काय मेलंय इथे?"

"पिल्लं मेलीत," मी म्हटलं.

तिने वाकून टाकीत पाहिलं, मग ओट्यावरच्या वाटीकडे पाहिलं. "रोज एवढं सगळं घालतेस त्यांना? त्यांची पोटं केवढी, तुझी वाटी केवढी."

"मग टाकून देऊ? पप्पांनी टाकू दिलं असतं?"

"तुझ्या पप्पांनी काय काय केलंय ते मला विचार," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "त्या कारल्याचं इतकं कौतुक सांगत फिरतेस. तू कुठे संपवलंस? दुसऱ्या घासाला ताटावरच डोळा लागला तुझा. त्यांनी उचलून निजवलं तुला आणि तुझं ताट स्वतः संपवलं. थंडगार. कारलं त्यांना बघवत नव्हतं, मी कधी वाढायचे नाही त्यांना. तोंड असं करून खात होते, मला हसू आवरेना."

"मग मला शाब्बास का म्हणाले?"

"तू उठलीस ती सरळ ताट बघायला धावलीस. रिकामं बघून तुला वाटलं तूच संपवलंस. मी सांगणार होते, तर मला म्हणाले, राहू दे, खूश झालीये ती."

"एवढी वर्षं सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? आणि मला काय माहीत तू त्याचं एवढं टेन्शन घेऊन बसशील." मग तिने पुन्हा टाकीकडे पाहिलं. "पाणी बदल आधी. आणि उरलेलं ओतून देत जा, ती तीन तरी राहतील."

मी पाणी बदललं. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. ऑफिसमधल्या माझ्या मैत्रिणीचे वडील तिला कॉलेजात असेपर्यंत सिनेमाला सोडायचे नाहीत, आता तेच सिनेमाची तिकिटं काढून हिला फोन करतात. म्हातारे झाले, नरमले, असं ती हसत सांगते. मला वाटायचं, माझ्या वाट्याला नरमण्याआधीचेच वडील आले. तुम्ही तर त्या रविवारीच नरमला होतात, भिंतीला टेकून, थंड कारलं गिळत, आणि मी ते झोपेत घालवलं. तुमचं कडकपण मी इतकं जपलं, आणि तुम्ही माझ्यासाठी नियम वाकवलात तो एकुलता एक घास मला माहीतच नव्हता. तो वेळेवर कळला असता तर टाकीत आज तीनपेक्षा जास्त पिल्लं असती, असं मनात येतं. तुम्ही म्हणाल, उगाच माझ्यावर ढकलू नकोस, डोळ्यांनी दिसत होतं तुला. तेही खरं आहे.

हे लिहून झालं की टाकीखालच्या कपाटात, जाळी आणि ड्रॉपरच्या शेजारी ठेवून देईन.

आज सकाळी आर्टेमिया गाळला. तिघांपुढे थोडे थोडे थेंब सोडले. दोघांनी लगेच ओढले. तिसरं, सगळ्यात बारकं, बराच वेळ नुसतं बघत राहिलं, आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग त्याने शेपटी वळवली आणि एक ठिपका घेतला. उरलेली वाटी मी सिंकमध्ये ओतली, वर नळ सोडला. एवढंच सांगायचं राहिलं, की ओतण्याआधी मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. घरात फक्त आई होती आणि तिनेच तर ओत म्हणून सांगितलं होतं. दार मी तुमच्यासाठी लोटलं.