ॲक्सिलरेटर अडकला नव्हता

प्रिय यशोधन,

गणपतीचं घडीचं मखर, जे तुझ्या गाडीच्या डिकीत मावतं. विसर्जनाची स्टीलची टाकी, तिच्या तळाचा नळ आणि नळाला बसवलेली जाळी. लेझमांच्या चकत्या, डब्याच्या पत्र्याच्या नव्हेत, स्प्रिंगच्या पोलादाच्या, म्हणून त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पालखीची चाकं. तुझ्या सिटीवेस्टच्या स्वयंपाकघरातल्या त्या वाकड्या कपाटाचं दार, ज्याला तू हल्ली इथल्या आयरिश लोकांसारखा ‘प्रेस’ म्हणतोस. आणि लीलावतीकाकूंसाठी न्हाणीघरातला कठडा, हाताला गार लागू नये म्हणून रबर चढवलेला. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथांपाशी उभा राहून बघितलं, चटके खाल्ले, शिकलो. यातल्या एका तरी वस्तूचा सांधा आजवर सुटला असेल तर सांग.

उपकार मोजायला हे लिहीत नाही. आपल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर तू लिहिलंस, “संग्रामच्या रिपेअरिंगमध्ये काहीतरी राहून गेलं असावं.” त्याखाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. ही यादी म्हणजे त्या वाक्याला माझं उत्तर आहे.

आता गाडीचं. तुला सगळं माहीत आहे, पण तुला ते सोयीनं विसरता येतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. माझ्या स्वोर्ड्सच्या वर्कशॉपमागे राहणारा डेक्लन दर हिवाळ्यात त्याची स्नोमोबाईल ट्रेलरवर घालून स्वीडनला नेतो, तिथल्या गोठलेल्या तळ्यांवर पळवायला. बर्फावर पकड यावी म्हणून तिच्या रबरी पट्ट्याला खिळे असतात, टोकाला हिऱ्यासारखा कठीण धातू. गेल्या हिवाळ्यात तिकडे कुणीतरी त्याला लांब खिळे बसवून दिले आणि पट्टा सैल ठेवला. वेगात सैल पट्टा फुगतो. फुगला की वरचे खिळे पट्ट्यावरच्या ॲल्युमिनियमच्या खोळीला लागतात आणि तिला डबा उघडावा तशी फाडतात. त्या खोळीच्या आतल्या अंगालाच रेडिएटर असतो. तोही फाटला. डेक्लन डबलिनमधल्या दोन गॅरेजांत जाऊन आला, तिथे म्हणाले नवीन घे. मग माझ्याकडे आला.

मी ती गाडी पूर्ण उघडली. पट्टा काढला, फाटलेल्या कडा कापून सरळ ठोकल्या, प्रत्येक चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. वर नवा पत्रा रिव्हेट केला. रेडिएटर तर मी चार वेळा धुतला, कारण कूलंटचा अंश राहिला तर वेल्डिंगमध्ये बारीक भोकांची जाळी पडते. वेल्ड करून, हवा भरून पाण्यात बुडवून ठेवला. एक बुडबुडा नाही. खिळे योग्य उंचीचे घातले, जिथे रबर फाटलं होतं ती जागा सोडून, आणि खोळीला आतून पोलादी पट्ट्या लावल्या, म्हणजे पुन्हा कधी पट्टा फुगलाच तर खिळा पट्टीवर घासेल, रेडिएटरला लागणार नाही. हॉस्पिटलमधून पूर्णिमा दमून घरी यायची आणि आधी वर्कशॉपच्या दारातून विचारायची, “तुमची पेशंट कशी आहे?” तिनं कधी या कामाला कमी लेखलं नाही. ती डॉक्टर आहे, तिला टाका म्हणजे काय ते कळतं.

तेवढ्यात तुझा देखावा आला. यंदा बर्फातले जवान. कापसाचे डोंगर, थर्माकोलची चौकी, आणि मध्ये खरीखुरी स्नोमोबाईल! तुझे डोळे असे चमकत होते की मलाही हुरूप आला, खोटं कशाला बोलू. मी डेक्लनला विचारलं. तो म्हणाला, ग्रँड, म्हणजे चालेल, फक्त तुमच्या त्या माणसानं वर बसावं, चालू करू नये. मी त्याला शब्द दिला. तू मला शब्द दिलास, गणपतीच्या मखराला हात लावून. तुला समजावून सांगितलं होतं की ही गाडी कोरड्या जमिनीवर चालत नाही, पट्ट्यानं उडवलेला बर्फच तिचा रेडिएटर गार ठेवतो, आणि ते खिळे लाकडी फरशीवर म्हणजे नांगर. तू म्हणालास, “अरे लेका, मी काय लहान आहे का?” तरी मी इंजिनाची लाल दोरी काढून घेतली. तिच्या टोकाची टोपी बटणावर बसवल्याशिवाय गाडी चालू होत नाही. दोरी माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवली आणि टूलबॉक्स मंडळानं घेतलेल्या शाळेच्या हॉलच्या कपाटात.

पूर्णिमाची ड्यूटी संपायची होती म्हणून मी तिला आणायला गेलो. परत आलो तेव्हा आरतीचं तबक उलटं पडलं होतं आणि शाळेच्या त्या सुंदर हॉलच्या फरशीत कापसाच्या डोंगरापासून पहिल्या रांगेपर्यंत खोल चर गेला होता. पट्ट्यात कापूस, झेंडूच्या माळा आणि कुणाचातरी शेला गुंडाळला गेला होता. गाडीखाली मी अंथरलेली प्लायवूडची फळी खिळ्यांनी ओढून वर नेली होती आणि ती खोळीत पाचरीसारखी शिरली होती. माझा पत्रा वाकला, पोलादी पट्ट्या उपटल्या, रेडिएटर फुटला. बाप्पापुढे हिरवं कूलंट वाहत होतं. आणि पुढची स्की काकूंच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबली होती. तुझ्या आईच्या, यशोधन.

तू जवानाचं पांढरं जाकीट आणि गॉगल घालून बाजूला उभा होतास. पहिलं वाक्य काय बोललास? आईला लागलं का, असं नाही. “आपोआप सुटली रे. ॲक्सिलरेटर अडकला.”

त्या क्षणी मी विश्वास ठेवला. मला वाटलं, खरंच माझंच काही राहिलं असेल. तू माझ्याशी काय केलंस ते यावरून समजून घे. गाडी वर्कशॉपला आणली आणि सगळ्यात आधी तो अंगठ्यानं दाबायचा खटका तपासला. दाबला, सोडला, परत येतो. वायर काढून बघितली, स्वच्छ. वायरीला गरम हवा देऊन पुन्हा दाबला, पुन्हा परत आला. अडकायला त्यात जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. त्या माझ्या तब्येतीचं विचारत होत्या, माझ्या! मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “बाबा, तुज्या गाडीचा काय दोष न्हाई. पावना दारात आला तसं यशानं दोरी लावली. आवाज काडून दाखवायचा हुता त्याला. मागं बगून हसला पन.” त्यांच्यावर चिडू नकोस. तुझ्या वाटेतून हातभर अंतरानं वाचलेल्या बाईला खरं बोलायचा हक्क आहे.

म्हणजे तू माझा टूलबॉक्स उघडलास. त्याला कुलूप नव्हतं ही माझी चूक, असंही तू कुणाला तरी म्हणालास म्हणे. मी मित्रांत बसलो होतो, चोरांत नाही.

मला राग फरशीचा नाही, गाडीचाही नाही. माणसाला मोह होतो. प्रमुख पाहुणा दारात, दिवे मंद, धूर सोडलेला, इंजिनाचा एक आवाज काढावासा वाटणारच. मलाही वाटला असता. त्या संध्याकाळी तू फक्त एवढं म्हणाला असतास की संग्राम, माझ्या हातून झालं, तर मी त्या शाळेची फरशी फळीन् फळी उचलून स्वतः बसवली असती, एक पैसा न घेता, आणि डेक्लनपुढे तुझ्या बाजूनं उभा राहिलो असतो. बारा वर्षं आपण या देशात एकमेकांच्या घरी चावी ठेवून राहिलो. एवढं कबूल करायला तुला काय झालं होतं?

त्याऐवजी तू परवा घरी आलास. स्नेहलतावहिनी बरोबर, हातात पेढे. पूर्णिमानं चहा टाकला. तू उठून माझ्या खांद्यावर घडीचीच शाल घातलीस, हातात नारळ दिलास, म्हणालास मंडळातर्फे छोटासा सत्कार, इतकी वर्षं तू एवढं केलंस. माझे डोळे भरून आले होते, वहिनींना विचार. मग तू खिशातून तो कागद काढलास. दुरुस्तीत त्रुटी राहिल्यामुळे ॲक्सिलरेटर अडकला, असं मी लिहून द्यायचं. म्हणजे फरशीचा खर्च माझ्या वर्कशॉपचा विमा देईल, मंडळाला हॉल पुन्हा मिळेल आणि अध्यक्षांची, म्हणजे तुझी, अब्रू राहील. “तुझं काय जातं रे, तुला कोण ओळखतं इथं?” असं म्हणालास. पूर्णिमा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. तिनं ते ऐकलं.

मला कोण ओळखतं? डेक्लन ओळखतो. मी त्याला काल सगळं खरं सांगितलं, तुझ्या नावासकट. त्यानं फुटलेल्या रेडिएटरवरून हात फिरवला. मग म्हणाला, गाडी तुझ्याकडेच राहू दे, पुन्हा तूच कर. तीच गाडी आत्ता माझ्यासमोर उघडी पडली आहे. मी तिच्या खोळीतून झेंडूच्या पाकळ्या चिमट्यानं काढतो आहे. शाळेलाही आजच लिहून कळवतो आहे की यंत्रात दोष नव्हता. तुला माझ्याकडून आधी कळावं, दुसऱ्याकडून नको, म्हणून हे पत्र. मखर, टाकी आणि लेझमं मंडळाकडेच राहू देत, ती बाप्पाची आहेत. काकूंच्या कठड्याचा एक स्क्रू तपासायचा राहिलाय, तो मी तू ऑफिसला गेलास की येऊन तपासीन. शाल आणि नारळ या पत्राबरोबर परत पाठवतो आहे. शालीच्या घडीत तू न बोलता ठेवलेलं पाकीटही त्यात आहे, पूर्णिमाच्या देखत मोजून जसंच्या तसं ठेवलेलं. खोट्या सहीसाठी तू मला जे देऊ केलंस आणि मी जे नाकारलं, ते सहा हजार युरो.

‘तुझाच’ लिहायची सवय सुटेपर्यंत तुझाच,
संग्राम