रिकामं टमरेल

वाडीवरून, ता. जामखेड
३ डिसेंबर १९९६

शमशादला मनकर्णेचा जयभीम आणि सलाम.

इकडं समदे बरे. तूबी बरी असशील असं लिहिनार न्हाई, कारन तौसीफचं पत्र आलंय. तौसीफ, आईला तूच वाचून दाखवतोस ना? मग मोठ्यानं वाच, लाजू नको.

आधी चांगलं सांगते. दवाखान्यात गेल्ते. साखर उतरली. डॉक्टर म्हनला, "मावशी, कोनतं औषध घेतलं?" मी म्हनलं, "शमशाद."

व्हय, तूच. आधी डॉक्टर जेवल्यावर चाला म्हनला तवा मी त्याच्यावरच खेकसले हुते, दिवसभर रानात काय लोळते? पन जेवून आडवं पडायची खोड माझीच. घरात संडास झाला, बायकांसंगं परसाकडं जानं बंद झालं, तवापासून अंगबी जड आन् बोलनंबी तुटलं. नुसतं चालाय निघावं तर पारावरचे इचारनार, "रुसून माहेरी निघाली का?" तूच हातात टमरेल दिलंस. "रिकामंच घे. टमरेल बघून कोन इचारतंय?"

मग छबूबाई आली, साळूबाई आली. ओढ्याच्या पुलापर्यंत सुनांची गाऱ्हानी सांगत जायचं, यायचं. पोट हलकं, मन हलकं, पडल्या पडल्या झोप.

आता ऐक. परवा पारापाशीच साळूबाईचं टमरेल पडलं. खडखडत गेलं, पन थेंब सांडला न्हाई! पारावरचा छगन वराडला, "मावशे, पानी कुठंय?" साळूबाई म्हनली, "चालाय निघालोय, मेल्या! तुझी बायकोबी धाड." दुसऱ्या दिशी खरंच आली ती. आता समद्या रिकाम्या हातानं जातो.

लई हसलो. हसता हसता तुला सांगाय वळले, तर शेजारी कोनीच न्हाई.

तुझे नूरभाई गेले आन् तू लेकाकडं नगरला गेलीस. त्यांची आठवन आमालाबी येती. पन नवऱ्यामागं घरात बसायची इद्दत सरून दोन महिने झाले, शमशाद. तौसीफ लिहितो, अम्मी जेवली की भिंतीकडं तोंड करून पडती, उंबरा ओलांडत न्हाई, आता तिलाच साखर निघाली. तू मला गोड बोलून उठवलंस. मला गोड बोलता येत न्हाई.

म्हनून आइतवारी सकाळच्या एस्टीनं नगरला येते. संगं जेवू, मग उठायचं. 'लोक काय म्हनतील' म्हनलीस, तर तुझं टमरेल पिशवीत घातलंय. नगरच्या रस्त्यानं मिरवीन.

चप्पल दाराशी काढून ठेव.

तुझ्या डाव्या अंगानं चालनारी,
मनकर्णा