कोबा केला अन् भुरी बसली

१८ नोव्हेंबर
सिमेंटचा कोबा वाळला. आंगण कसं चकाचक! सुमन लग्नापासून पिरपिर करे, चिखल होते जी, कोबा करा. आता नातवाले पाहाले नाशिकले गेली अन् म्या काम उरकून टाकलं. फोनवर सांगतलं नाही. आल्यावर तिलेच दिसन. कोंबड्या घसरून राह्यल्या. बाहेर कुत्रे, म्हणून कोंबड्याईले सोडताही येत नाही. होईन सवय.

२१ नोव्हेंबर
भुरीचं अंडं उचललं तं बोटाखाली दबलं. टरफलच नाही, नुसता पापुद्रा! बाकी दोघींचंही तसंच. दाणा कमी पडत असन. ज्वारी वाढवली, मका टाकला. शेजारचा देविदास कुंपणावरून म्हणे, "काऊन बे, लग्नाची पंगत वाढून राह्यला का?" याले दुसऱ्याच्या घोरात लय मजा.
सु.चा फोन. "भुरी अंडे देते ना?" हाव म्हणलं. देतेच. खोटं काय त्यात.

२३ नोव्हेंबर
भुरी खात नाही. गळ्याखालची थैली टम्म, कडक. पातळ हगते, पंख पाडून कोपऱ्यात बसली. बाकीच्याईपैकी एखादी असती तं एवढा जीव खालीवर झाला नसता. पण भुरी सु.च्या मायनं हातात देल्लेलं पिल्लू. माय गेली, भुरी राह्यली. इले काही झालं तं कोणत्या तोंडानं...
व्हिडिओ कॉल आला. फोन आढ्याकडं धरला. "आंगण काऊन दाखवत नाही जी?" रेंज नाही म्हणलं. मीच बावळट!

२४ नोव्हेंबर
भुरीले टोपल्यात घालून मोताळ्याले जनावराच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं थैली चाचपली. "काका, माती उकरतात ना कोंबड्या?" मोठ्या तोऱ्यात सांगतलं, नवा कोबा केला, एकदम स्वच्छ. बाई पाहतच राह्यल्या. "कोंबडीला दात असतात का? बारीक खडे गिळते, त्यावरच दाणा दळते. टरफलाचा चुनाही मातीतूनच मिळायचा. ते सगळं तुम्ही सिमेंटखाली घातलं, अन् वरून दाणा वाढवला."
बाकीच्याईले रेती अन् शिंपल्याचा चुरा वेगळ्या थाळीत. भुरीचा दाणा बंद. पाणी पाजा, थैली हलक्या हातानं चोळा. वाचेल ना, विचारलं. "बघू." हे बघू काही बरं नाही वाटलं मले.

२६ नोव्हेंबर
बाकीच्या रेतीवर तुटून पडल्या. एकीचं अंडं आज जरा टणक लागलं. भुरी थाळीकडं पाहतही नाही. चोळून राह्यलो. थैली मऊ झाली, का मलेच वाटते?

२७ नोव्हेंबर
सु.ले सांगून टाकलं. कोबा, भुरी, सगळं. चिल्लावली असती तं बरं झालं असतं. नुसतं म्हणे, "उद्या येते." फोन ठेवला.

२८ नोव्हेंबर
सकाळीच लोखंडी सब्बल घेतली. आंगणातल्या सीताफळाखालचा कोबा फोडला. देविदास धावत आला. "येडा झाला का बे? नवा कोरा कोबा!" म्हणलं, चूप बस, ढेपले उचल. उचलले बिचाऱ्यानं.
माती निघाल्यावर भुरीले तिथं ठेवलं. कितीक वेळ हललीच नाही. मग एक पाय उचलला, जरासं उकरलं, थांबली. चोच मारली का नाही, धड दिसलं नाही, कारण तेवढ्यात फाटक वाजलं.
सु. खांद्यावरच्या बॅगेसकट सरळ भुरीजवळ गेली अन् मातीत फतकल मारून बसली. कोब्याकडं पाह्यलं नाही. माह्याकडं तं नाहीच.
हे लिहून राह्यलो तं अजून तिथंच आहे. भुरीच्या गळ्याखाली हात फिरवून राह्यली. चहा ठेवू का, विचाराची हिंमत होत नाही.