खालच्या पेटीवरची लाल खूण

वस्ताद, परवा हुपरीला एका लग्नात तो भेटला, माझ्याबरोबर तुमच्या हाताखाली शिकलेला. डोक्यावरचे केस गेलेत, पण मिजास तीच. चारचौघांत म्हणतो, "वस्तादांनी मला जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्या कुणालाच दिल्या न्हाईत!" आणि छाती फुगवून हसला. मी हातातली जिलेबी परत ताटात ठेवली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही रिटायर झालो, तरी माझ्या पोटात दुखायचं थांबत नाही.

ऐंशी सालाच्या आगंमागं आपल्या डेअरीत दूध तापवायच्या यंत्राला नवे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले. पॅनेलवर दोन पेट्या, एकीखाली एक. तुम्ही तंबाखू मळत समजावताय, "वरचा दुधाची गरमी बघतोय आन् खालच्याला हुकूम सोडतोय. खालचा वाफेचा व्हॉल्व्ह हलवून गरम पाणी सांभाळतोय. खालचा शाणा असला तरच वरच्याचं चालतंय की!" आणि वरची पेटी त्याला दिलीत, खालची मला. त्याचा हात घरच्या चांदीकामावर बसलेला, त्याचं तुम्हाला कोण कौतुक! "हात बघ जरा गड्याचा," मला ऐकवायचात. माझा हात उसाच्या कोयत्यावरचा, तो कोण बघतंय? माझ्या पेटीचा जोर कमीजास्त करायची चकती मात्र तुम्ही स्वतः लावलीत आणि ह्याच्या पुढं न्यायची नाही म्हणून तुमच्या घरनं चाचींचं नखपॉलिश आणून तिथं लाल खूण केलीत.

खंडेनवमीला पॅनेलची पूजा असायची. तुम्ही मुसलमान, तरी पॅनेल स्वतः पुसून लख्ख करायचात, आणि हळदकुंकू कुणी लावायचं ते तुम्हीच ठरवायचात. त्या वर्षी मान मलाच द्याल असं धरून मी परीटघडीचा सदरा घालून आलेलो. कुंकवाची वाटी तुम्ही त्याच्या हातात दिली. त्यानं मूठभर उधळलं. सगळे प्रसादाला वळले आणि मी माझी चकती खुणेच्या पुढं सरकवली. थोड्याच वेळात दुधाची गरमी खालीवर नाचायला लागली, पुरतं न तापलेलं दूध आपोआप मागं फिरू लागलं. तुम्ही धावत आलात. "कुंकू आत घातलंस व्हय रं, मुडद्या? मशीन हाय का जोतिबाचा डोंगर?" सगळ्यांसमोर तुम्ही त्याला सोलून काढलंत.

मग तुम्ही पेट्या उघडल्या. मी शेजारी उभा आहे. आत कुंकवाचा कण नाही. तुमची नजर माझ्या चकतीवर गेली, खुणेवर गेली. बोटानं ती मागं आणलीत आणि माझ्याकडं बघितलंत. मी शिव्यांची वाट बघत होतो. "जा, च्या पिऊन ये," एवढंच म्हणालात. कुणाकडं बोलला नाहीत, माझी नोकरी राहिली. पण त्यानंतर तुम्ही मला एक शिवी दिली नाहीत. नीट बोलायचात, पावण्याशी बोलावं तसं.

हे पत्र खरं तर त्याला वाचायला द्यायला पाहिजे. देणार नाही. कुंकवानंच घोटाळा केला असं त्याला वाटू दे. पण त्या दिवशीच्या शिव्या माझ्या होत्या, वस्ताद. त्यासुद्धा तुम्ही त्यालाच दिल्यात.