इवाईबुवांची बाटली

करडी

आंबागडचे आमचे इवाई गोपीचंदबुवा यांना यादोरावचा रामराम. तुम्ही, विहीणबाई आणि म्हशी खुशाल असाल असं धरून चालतो. (तुमच्या तब्येतीबद्दल खरंच विचारायचं आहे, ते पुढे.) फोन टाळला, कारण तुमची लेक रीना आमच्या घरात सून कमी आणि पोलीसपाटील जास्त आहे.

माझी शुगर आणि किडनी तुम्हाला ठाऊक आहे. भंडाऱ्याच्या दवाखान्यातली शुभांगी नावाची सिस्टर हल्ली माझ्या मागे लागली आहे. शुगरचा डॉक्टर काय म्हणाला ते किडनीच्या डॉक्टरला कळवते, गुडघ्याच्या डॉक्टरने दिलेली दुखण्याची गोळी दोघांना विचारून बंद करते, आणि वर फोन करून विचारते, काका, जेवले का? एक पैसा घेत नाही. इवाईबुवा, आपल्याकडे इतकं गोड कोण बोलतं? एक तर मत मागणारा, नाहीतर पोरगी खपवणारा. शिवाय मी लोणच्याची फोड खाल्ली तरी तिला कळतं. (चुगली कोण करतं? ते तुमच्याच घरून आलेलं आहे.)

म्हणून तिला उघडं पाडायचं ठरवलं. पोळ्याला तुम्ही मुक्कामी होता, तेव्हा लघवी तपासणीची माझी बाटली तुमच्याकडून भरून घेतली आणि माझ्या नावाने पाठवली. आयुष्यात दवाखान्याची पायरी न चढलेला गडी! त्यात तिने आजार काढला की चोरी पकडली, असा आपला बेत. तुम्ही तर हसता हसता बाटली सांडणार होता.

आणि फोन आलाच. किडनी भलतीच बिघडली, लवकर या. मी धोतर सावरत भंडारा गाठलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की बाई, ती बाटली माझ्या ठणठणीत इवायाची! ती हसली नाही, रागावलीही नाही. माझी तपासणी पुन्हा करवली. माझं होतं तसंच निघालं. मग म्हणाली, "काका, तुमाले कायचा आनंद होऊन राहिला? ते इवाई कोठी रायतेत? त्यायले लवकर आना, रक्त तपासा लागते."

मला वाटलं, हिला नवं गिऱ्हाईक हवं आहे. पण येताना एस.टी.त आठवलं, पोळ्याला तुमचे पाय चपलेत शिरत नव्हते आणि आपण दोघांनी धानाच्या बांधीतल्या चिखलाला शिव्या घातल्या होत्या. इवाईबुवा, मी घाबरलो. या वयात भांडायला दुसरा इवाई कुठून आणू?

तुमचा,
यादोराव

ता.क. सोमवारी सकाळी भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरा, मी तिथे उभा असेन. रीनाला काही बोललो नाही, तुम्हीच सांगा.

आणखी ता.क. त्या शुभांगीवर माझा अजूनही विश्वास नाही. तरी तुमचा नंबर तिला दिला आहे. अनोळखी म्हणून तुम्ही रोज कापता तो फोन तिचाच. उचला.