हॉल दुप्पट करण्याची मोहीम

३ जानेवारी १९९९, रविवार. दुपार.
मेव्हणे संभाजीराव धायरीहून येऊन गेले. वडिलांच्या शेतावर बिल्डरने इमारत उभी केली आहे. त्यातला एक टू बीएचके ते प्रेमलाच्या नावावर करून देणार आहेत. 'बहिणीचा वाटा हाय, दाजी,' म्हणाले. ३१ तारखेला सासूबाईंना घेऊन येतील आणि प्रेमलाचा होकार घेऊन जातील.

मी हसून विषय बदलला. गेली अठरा वर्षं मी सदाशिव पेठेत भाड्याने राहतो आहे. मूळचा मी जुन्नरचा, पण हे आता लोकांना सांगूनही खरं वाटत नाही. असा माणूस धायरीला जाऊन काय करणार?

प्रेमलाने नुसतं हॉलकडे एकदा बघितलं. मग लेकीची, नीरजाची, कॉलेजची पुस्तकं गॅसशेजारून उचलली आणि कणीक मळायला बसली.

तिची अडचण माझ्या लक्षात आली. घर लहान नाही, लहान *दिसतं*. हे दुरुस्त करता येईल.

४ जानेवारी.
योग जुळून आला. केशकर्तनालयात नंबर लागेपर्यंत एका जुन्या पुरवणीत लेख सापडला. 'कमी खर्चात घर मोठं कसं दिसेल?' चार सूचना आहेत. फर्निचर बुटकं ठेवा. भिंतींना फिका रंग द्या. आरसे लावा. पसारा काढा. सगळं घरच्या घरी करता येण्यासारखं. पान फाडून आणलं. न्हावी बघत होता.

प्रेमलाला सांगितलं की ३१ तारखेला संभाजीराव आपला हॉल बघून स्वतःच म्हणतील, राहू दे. ती म्हणाली, 'अहो, त्यापेक्षा आधी मोरीचा नळ दुरुस्त करा.' बायकांना प्लॅनिंग समजत नाही.

१० जानेवारी, रविवार.
सूचना पहिली: बुटकं फर्निचर. दोन खुर्च्या आणि दिवाण यांचे पाय करवतीने कापले. कापल्यावर पहिली खुर्ची डुगडुगू लागली, म्हणून लांब राहिलेला पाय थोडा कापला. मग ती उलट्या बाजूला डुगडुगू लागली. अचूकपणा मला महत्त्वाचा वाटतो. जेवायच्या वेळेपर्यंत दोन्ही खुर्च्या एकदम स्थिर झाल्या.

नीरजा म्हणाली, 'बाबा, ही खुर्ची नाही राहिली, पाट झालाय.' पाठ असलेला पाट, असं मी दुरुस्त केलं. दिवाणही आता जमिनीच्या बराच जवळ आहे. त्याखालच्या ट्रंका साहजिकच बाहेर आल्या. ट्रंका तूर्त स्वयंपाकघरात.

छत खरोखरच उंच वाटू लागलं आहे. खुर्चीत बसल्यावर तर फारच.

१२ जानेवारी.
खुर्चीतून उठताना कंबर धरली. सवयीचा प्रश्न आहे.

१६ जानेवारी, शनिवार.
सूचना दुसरी: फिका रंग. ऑइलबाँडच्या रंगाला कशाला पैसे घालायचे? चुना आणला. चुन्यात डिंक घालतात म्हणे. तोही वाचवला. पांढरेपणा उठून दिसावा म्हणून थोडी नीळ टाकली. बाटलीचं झाकण त्याच वेळी निघालं.

एक भिंत निळी झाली. बाकीच्या तिन्ही पांढऱ्या, पण ठिकठिकाणी निळ्या. प्रेमला दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मी समजावलं की हे आकाश आहे, आकाशाने जागा मोकळी वाटते. 'हो का,' म्हणाली.

१८ जानेवारी, सोमवार.
ऑफिसला निघण्याआधी निळ्या भिंतीला टेकून जरा समाधान अनुभवलं. ऑफिसमध्ये दिवसभर लोक पाठ थोपटत होते. मोहिमेची बातमी इथपर्यंत कशी पोचली, याचं नवल वाटलं.

संध्याकाळी प्रेमलाने शर्टाची निळी झालेली पाठ दाखवली. झटकत होते.

नवीन नियम: भिंतीला कुणीही टेकायचं नाही. नीरजाने विचारलं, मग जायचं कुठून? हॉलमध्ये भिंतीला न टेकता जाता येतं. तिरकं व्हावं लागतं, एवढंच.

२० जानेवारी, बुधवार. अर्धी रजा.
मोहिमेतला सर्वात महत्त्वाचा दिवस. जुन्या बाजारात हमीदभाईंच्या ठेल्यावर आरसे मिळाले. कापडाचं एक दुकान बंद झालं, तिथले. माझ्याहून उंच. मला दोनच हवे होते, पण हमीदभाईंनी विचारलं, 'साहेब, हॉल दुप्पट करायचा का चौपट?' पारखी माणूस. सगळे घेतले.

हातगाडी गल्लीतून येत असताना घरमालक गोपाळकृष्णपंत वरच्या गॅलरीत उभे होते. 'मच्छिंद्रराव, स्वतःला इतक्यांदा बघायचंय?' एवढंच विचारून आत गेले. जळफळाट.

आरशांना क्लिपा लावायच्या असतात असं शेजारी म्हणाले. क्लिपा दिसतात. मी मागे सिमेंट थापून समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर आरसे पक्के बसवले.

परिणाम शब्दांत सांगता येणार नाही. आरशात आरसा, त्यात आरसा. आमचा हॉल आता थेट स्वारगेटपर्यंत जातो.

२२ जानेवारी.
एक छोटीशी बाब. दोरीवर एकच टॉवेल वाळत घातला, तरी लाँड्री उघडल्यासारखं दिसतं. म्हणजे सूचना चौथी अमलात आणलीच पाहिजे. गाद्या, शिलाई मशीन, नीरजाचं टेबल, रॅक, सगळं स्वयंपाकघरात हलवलं. स्वयंपाकघर आरशात दिसत नाही, त्यामुळे ते हिशोबात धरायचं कारण नाही.

प्रेमला आता एका अंगावर उभी राहून पोळ्या करते. पोळ्यांवर परिणाम नाही.

२४ जानेवारी, रविवार.
नीरजा अभ्यासाला शालूकडे गेली. शालू तिची मैत्रीण, नारायण पेठेत खोली घेऊन राहते. पुस्तकं नेली, हे ठीक. अंथरूणही नेलं. हॉलमध्ये डोळा उघडला की पन्नास मुली आपल्याकडे बघत असतात, अशी तिची तक्रार आहे. मी म्हणालो, त्या सगळ्या तूच आहेस. 'म्हणूनच,' म्हणाली.

हॉलमध्ये आणखी जागा झाली.

३० जानेवारी.
उद्या. सगळं तयार. आरसे पेपरने पुसले. इतके स्वच्छ की आहेत हे कळत नाही. प्रेमलाला म्हणालो, उद्या तुझा भाऊ बघतच राहील. तिने मान हलवली. माझ्या मते होकारार्थी.

३१ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
जे झालं ते क्रमाने लिहितो.

संभाजीराव आणि सासूबाई आले. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, हे मी विचारात घेतलं नव्हतं. त्या दारातच थबकल्या, पदर सावरला आणि समोर हात जोडले. समोरच्या म्हातारीनेही जोडले. सासूबाई खूश झाल्या. 'बसा की बाई, उभ्या का?' म्हणाल्या. समोरची बसेना, म्हणून याही बसेनात.

संभाजीराव म्हणाले, 'लई मंडळी दिसत्यात आज,' आणि खुर्चीवर बसायला गेले. खुर्ची त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच खाली होती. ते पाठीवर पडले आणि निळ्या भिंतीला घासत आडवे झाले. सासूबाई घाबरून आरशाकडे बघत ओरडल्या, 'अवो, त्यो बघा, तुमच्यातला बी एक पडला!'

मी प्रसंग सावरला. चहा मागवला. सासूबाईंनी कप हातात घेतला आणि थांबल्या. समोरच्यांना दिल्याशिवाय त्या पिणार नाहीत म्हणाल्या. मी सांगितलं, त्यांच्याही हातात कप आहे. सासूबाईंनी निरखून बघितलं. 'हाय खरं. पण बिचारी पीत न्हाई. माझ्यासाठी थांबलीय.' दोघींचा चहा गार झाला.

मग त्यांनी प्रेमलाचा हात धरला. 'पोरी, एवढ्या माणसांचं तू एकलीच रांधतीस व्हय? काय ह्ये हाल गं तुझे.'

इथे योजनेतला एक बारकावा माझ्या लक्षात आला. आरशाने जागा दुप्पट होते, पण माणसंही होतात. लेखात हे लिहायला हवं होतं.

संभाजीराव पाठ झटकायला बाहेर जातो म्हणाले आणि तरातरा निघाले. दार उजवीकडे आहे. ते सरळ गेले. फार मोठा आवाज झाला. आरसा शाबूत राहिला, हे सिमेंटचं यश. संभाजीरावांच्या कपाळावर टेंगूळ आलं. सासूबाई लाडक्या लेकाला मारणाऱ्याला हुडकत दोन्ही आरशांच्या मध्ये फिरत होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्या पन्नास बायकाही.

प्रेमला आत गेली. मी मागोमाग जायला बघितलं, पण स्वयंपाकघरात शिरायला जागा नव्हती. गादी आणि ओटा यांच्या मधल्या फटीत ती पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. हसत असावी.

मग तोंड धुऊन बाहेर आली. भावाच्या कपाळाला हळद लावली आणि विचारलं, 'दादा, कागद कुठं आहेत? सही कुठं करायची?'

१ फेब्रुवारी.
प्रेमलाला शांतपणे सगळे मुद्दे सांगितले. धायरीला टँकर येतो. बस मिळत नाही. लायब्ररी नाही. आणि सासऱ्याच्या जमिनीवर राहायला गेलो तर ऑफिसात लोक घरजावई म्हणतील.

बाकीच्या मुद्द्यांवर ती 'हं' म्हणाली. शेवटच्या मुद्द्यावर पोळी लाटायची थांबली. म्हणाली, 'माझ्या वडिलांनी मला बारावीला बसवलं नाही. जमीन देताना मात्र दोघांना सारखी दिली. ही एकच गोष्ट त्यांनी मला माझी म्हणून दिली, ती घेऊ नको म्हणता?'

मी म्हणालो, असं मी म्हणालेलो नाही. ती म्हणाली, 'अठरा वर्षं मी तुमच्या पेठेत राहिले. आता तुम्ही माझ्या गावात राहा. रविवारी फ्लॅट बघायला जातेय. येणार असाल तर चपला घालून तयार राहा.'

नीरजाला फोन करून विचारलं की आईला काय झालंय. ती म्हणाली, 'बाबा, काही झालेलं नाही. फ्लॅटमध्ये मला खोली आहे का, तेवढं बघून या.'

७ फेब्रुवारी, रविवार.
बघायला गेलो. निःपक्षपातीपणे. दोष टिपायला कागद घेतला होता.

नळ सोडला. पाणी आलं. धरण तिथून जवळ, त्यात संभाजीरावांचं कर्तृत्व काय? बटण दाबलं. दिवा लागला. खिडकी ढकलली. उघडली. सगळंच संशयास्पद.

शेवटी एक दोष सापडला, आवाज घुमतो. तो सांगायला प्रेमलाला शोधत आतल्या खोलीत गेलो. ती मधोमध उभी होती. तिने दोन्ही हात बाजूला पूर्ण पसरले होते आणि डोळे मिटून सावकाश गोल फिरत होती. एक चक्कर. परत एक. हात कशालाच लागले नाहीत.

खांदे आखडले असावेत. बरेच दिवस एका अंगावर पोळ्या केल्यामुळे.

मी बाहेर येऊन थांबलो. घुमण्याबद्दल नंतर सांगू म्हटलं.

८ फेब्रुवारी.
निर्णय घेतला. धायरीला जायचं. काही निर्णय घरातल्या कर्त्यालाच घ्यावे लागतात. प्रेमलाला सांगितलं. तिने टेम्पो आधीच ठरवला होता.

२० फेब्रुवारी, शनिवार.
सामान हललं. आरसे हलले नाहीत. छिन्नी लावली तर भिंतच येऊ लागली. गोपाळकृष्णपंतांना म्हणालो, परत येऊन काढतो. म्हणाले, 'राहू द्यात. पुढच्या भाडेकरूला एकटं वाटणार नाही.' डिपॉझिटचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही, म्हणजे मिटला.

रिकाम्या हॉलमध्ये शेवटची नजर टाकली. खरोखर प्रचंड दिसत होता. सामान आणि माणसं नसली की माझी योजना बिनचूक होती.

२८ फेब्रुवारी, रविवार. धायरी.
नव्या घराच्या सजावटीचा आराखडा काल रात्रीच तयार ठेवला होता. हिरवी भिंत. खोटं छत. कोपऱ्यात कारंजं, जुन्या पिंपाचं. सकाळी प्रेमलापुढे ठेवला. तिने तो वाचला, घडी घातली आणि गॅसच्या कट्ट्याखालच्या फळीवर अंथरला. त्यावर डबे मांडले.

दुपारी ती आणि नीरजा यांनी जुन्या दोन साड्यांचे पडदे शिवले. तांब्याचा हंडा चिंचेने घासून खिडकीत ठेवला. सतरंजी उलटी करून घातली, उलटी बाजू नवी निघाली. चार वाजेपर्यंत घर लावून झालं. एकही आरसा नाही. तरी लोक म्हणतात मोठं दिसतं. नीरजा तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला लावायला दार आहे याचंच तिला फार कौतुक.

पडदे टांगायचे राहिले होते. मी पुढे झालो. प्रेमला म्हणाली, 'तुम्ही नको. तुम्ही फक्त स्टूल धरा.'

धरलं. दोन्ही हातांनी. ती वर चढली, दांडी बसवली, पडदा सरकवून बघितला. स्टूल तसूभरही हललं नाही. मी विचारलं, डावीकडे थोडं खाली नाही का वाटत? ती म्हणाली, 'धरा.'

मग ती उतरली आणि चहा टाकायला आत गेली. मी बराच वेळ धरून उभा होतो. सोडा, असं कुणी म्हणालंच नाही.